वेदगंगेकाठची कुलपे

निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग वेदगंगा ओलांडतो. प्रवाशाला पुलावरून हिरवागार ऊस तेवढा दिसतो; त्या उसाचा प्राण मात्र काठावरच्या पाण्याच्या मोटारींत असतो. चोराचा डोळा असतो तो मोटारीतील तांब्याच्या तारेवर. म्हणून शेतकरी मोटार साखळदंडाने जखडून तिला कुलूप घालतो. आखूड कडीचे कुलूप उत्तम. तिच्यात पहारीचे टोक सहजी शिरत नाही. परंतु नदीचा न्याय निराळा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या महामार्गावरही पाणी आले होते. पाणी चढू लागले की मोटार तातडीने वर काढावी लागते. अशा वेळी गंजलेले कुलूप चोराहून मोठा वैरी ठरते. कुलपाला वेळच्या वेळी तेल आणि शेजाऱ्यापाशी दुसरी किल्ली, यांवाचून काठावरचा बंदोबस्त अपुराच होय.