भाषणानंतरचा तास

आमचं मंडळ लहान. पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. सोलापुरात, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओसरीवर दर रविवारी संध्याकाळी सतरंजी पडते. देव, दैव, ग्रह बाजूला ठेवून माणसाबद्दल बोलायचं, एवढीच अट. अर्धा तास कुणीतरी अभ्यास करून बोलतो. मग तासभर ज्यानं जे भोगलं ते तो सांगतो. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. शाळा नववीत सुटली. माझं कॉलेज म्हणजे ही सतरंजी.

आता आमच्यातलीच शिकलेली पोरं म्हणतात, मागचा तास बंद करा. रडगाणी किती ऐकायची? घटना शिकवा, परीक्षेचं शिकवा, वेळेत संपवा.

दोस्तहो, शिकवा हे त्यांचं म्हणणं खरंय. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालयं आणि अभ्यासवर्गही तिच्या कामात होते. १९२५ च्या जानेवारीत तिचं वसतिगृह आमच्या सोलापुरातच निघालं. पण मागचा तास बंद करायला माझा विरोध आहे. का, ते सांगतो.

मध्यंतरी विषय होता मुंबईच्या गिरण्या. आमच्यातले एक शिक्षक दादा बोलले. त्या काळी गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखातं, म्हणजे विणाई, बंद होती. पगार तिथंच जास्त. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडानं ओढून काढावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलं की धोटा बाटला! १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला.

भाषण संपलं. एक आजोबा उठले. १९८२ च्या संपानंतर मुंबई सोडून गावाकडं आलेले. म्हणाले, "माजा बा थ्रॉसलखात्यात हुता. म्हनायचा, साच्यांचा खडखडाट जलमभर ऐकला, पन दारातनंच."

मग धुणीभांडी करणारी एक मावशी कधी नव्हे ते बोलली. "त्येंचा धोटा, तसा माजा कप. खिडकीत येगळा ठिवलाय. कान तुटल्याला."

कुणी हललं नाही. एका पोरीनं विचारलं, "दादा, हा गुन्हा नाही का?" दादांना परत उभं राहावं लागलं. घटनेचं १७ वं कलम, १९५५ चा कायदा, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, सगळं फोड करून सांगितलं. यातलं काहीच त्यांच्या टिपणात नव्हतं. ते त्या कपानं बाहेर काढलं.

सोमवारी मावशीनं त्या घरी सांगितलं, "ताई, च्या द्याचा तर तुमच्यातल्या कपात द्या, न्हाईतर नगं." चहा गेला आणि कामही गेलं. महिन्याचे बाराशे रुपये.

पुढच्या रविवारी, त्याच मागच्या तासाला, तिनं ते सांगितलं. वर विचारलं, "तुमचं कलम बराबर हाय. पोराची फी कोन भरनार?"

त्यावर टाळी वाजवायला कुणाचा हात उठला नाही. वर्गणी काढली. दोन बाया फिरल्या, एक घर मिळालं. तक्रार करावी की नाही यावर मात्र भांडण झालं. मावशी म्हणते, साक्षीला कोन येनार? ते भांडण अजून चालू आहे. चालू राहावं.

माझं म्हणणं एवढंच. नुसता किस्सा असता तर मावशी त्या कपाला नशीब म्हणत राहिली असती. १९२८ चा धोटा ऐकला म्हणून तिला कपाचं खरं नाव कळलं. आणि नुसतं भाषण असतं तर आम्ही तिला पेटवून घरी जाऊन गाढ झोपलो असतो. रविवारच्या भाषणाची किंमत सोमवारी कुणाच्या तरी चुलीतून वसूल होते. तो हिशेब तोंडावर मांडायला मागचा तास लागतो. परीक्षा देणाऱ्या पोरांनीही तो ऐकावा. उद्या साहेब होऊन खुर्चीवर बसतील, तेव्हा समोर उभी राहणारी मावशी त्यांना ओळखता आली पाहिजे.

तुमच्या वस्तीत वक्ता बोलवाल तेव्हा त्याला आधीच बजावा: हार मिळणार नाही, मध्येच उठून जायचं नाही, आणि बसायचं सतरंजीवर.

जयभीम.