हात न लावता लिहिलेला 'व्हायरल' ताप

2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसने माणसं दगावली, तेव्हा या आजाराचं नाव पेपरात झळकलं. पाऊस सरला, बातमी सरली. आजार मात्र गेला नाही.

आमच्या वस्तीतल्या एक मावशी निंदणाला, धुऱ्यावरचं गवत कापायला रोजीने जातात. त्यांना ताप भरला. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, म्हणजे 'व्हायरल'. इंजेक्शनं झाली, सलाईन झालं, सात दिवस गेले. आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे कपडे बदलताना एका सिस्टरला छातीखाली काळी खपली दिसली, सिगारेटचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मावशींनाही ठाऊक नव्हती. डॉक्सीसायक्लिन सुरू झाली आणि दोन दिवसांत ताप उतरला. काही रुपयांची गोळी!

गवतातल्या बारीक माइटची अळी चावते, तिच्यातून हा जिवाणू शरीरात येतो. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. अळी चावते ती काखेत, जांघेत, छातीखाली, कमरपट्ट्याच्या जागी. म्हणजे नेमकं तिथे, जिथे बाई दाखवणार नाही आणि डॉक्टर बघणार नाही.

आणि बघत का नाही? गर्दी असते, वेळ नसतो, हे आम्हाला मान्य आहे. पण टेबलाच्या पलीकडून 'किती दिवसांपासून?' एवढंच विचारून चिठ्ठी लिहिण्याची सवय फक्त गर्दीतून आली का? समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही अस्पृश्यतेवर पानंच्या पानं लिहिली, पण स्टेथोस्कोप साडीवरूनच का फिरतो, हा प्रश्न आम्हालाही तेव्हा सुचला नव्हता. ज्या शरीराला शतकानुशतकं शिवायचं नाही असं शिकवलं, ते शरीर तपासायची सवय आपोआप लागत नसते.

खपली प्रत्येकाला येतेच असं नाही. रक्ताची आयजीएम एलायझा चाचणी असते, पण पहिल्या आठवड्यात ती चकवू शकते. म्हणून संशय आला की रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करा, असं आयसीएमआरच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. संशय यायला मात्र आधी विचारावं लागतं : बाई, कामाला कुठे जाता?

त्याच पावसाळ्यात मावशींच्याच टोळीतली एक बाई गेली. कागदावर 'ताप' एवढंच आहे. तिला स्क्रब टायफस होता असं आम्ही म्हणू शकत नाही. नव्हता असंही कुणी म्हणू शकत नाही, कारण कुणी पाहिलंच नाही.

आमची मागणी लहान आहे : प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पडदा, त्यामागे तपासणारी एक सिस्टर, आणि पावसाळ्याआधी पुरेशी डॉक्सीसायक्लिन. गरोदर बाईसाठी अॅझिथ्रोमायसिन. निवेदन दिलं आहे. तोवर वस्तीतल्या महिला मंडळात आम्ही आंघोळीच्या वेळी एकमेकींची पाठ, काख बघायला सांगतो आहोत. पहिल्या बैठकीत सगळ्याजणी हसल्या. दुसऱ्या बैठकीत एकीने विचारलं, "आणि सापडली खपली तर डॉक्टरसाहेबांना दाखवायची कशी?"