वाट अडवली!

सायकलची शर्यत लावता ना? शाळेत मीही लावायचो. मागून कुणी आलं, की हँडल वळवून वाट अडवायची! एकदा मित्र थेट गटारात. गुडघा फुटला त्याचा. जिंकलो मात्र मी.

ऑगस्ट २०१६. बेल्जियममधली फॉर्म्युला वन शर्यत. मागून किमी राइकोनेन ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने येतोय, पुढे १८ वर्षांचा मॅक्स वर्स्टॅपन. एकदा बाजू बदलून अडवायची मुभा असते. पण हा पठ्ठ्या अगदी शेवटच्या क्षणी आडवा सरकला! किमीला ब्रेक दाबावा लागला. पंचांनी शिक्षा केली नाही. ऑक्टोबरात मात्र ब्रेक लावताना दिशा बदलायला बंदी आली.

पोरगं विलक्षण, यात शंकाच नाही. पण टीव्हीसमोर माझी टाळी काही वाजली नाही. तो गुडघा आठवला.