चंडीमंदिर : पायथ्याशी थांबलेले चाकांवरचे घर

अंबाल्याहून कालक्याला जाणारी रेल्वे चंडीगड मागे टाकते आणि थोड्याच वेळात चंडीमंदिर नावाचे छोटेसे स्थानक येते. शिवालिकच्या टेकड्या इथून अगदी जवळ दिसू लागतात. घग्गर नदीचे पात्र गोट्यांनी भरलेले असते. ज्या देवीवरून चंडीगड शहराचे नाव पडले, तिचे देऊळ याच परिसरात आहे. गंमत म्हणजे राजधानीला नाव देणारे हे ठिकाण केंद्रशासित चंडीगडमध्ये नाहीच. ते हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात येते. १९८५ साली लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय सिमल्याहून इथे आले. तेव्हापासून चंडीमंदिर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे देवळाआधी छावणीच येते.

पर्यटक इथे सहसा उतरत नाहीत. सिमल्याची घाई असते ना! पण मोटारहोम घेऊन निघालेल्या कुटुंबाला मात्र इथे थांबून विचार करावा लागतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि चाकांवरच्या घराची हौस मराठी घरांतही वाढू लागली. मुंबईहून सोळाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून आलेली ही लांब-रुंद गाडी पुढच्या वळणांवर नेता येते. परंतु सिमल्याच्या अरुंद, गजबजलेल्या रस्त्यांवर ती उभी करायची कुठे? म्हणून घर पायथ्याशीच ठेवून कालक्याहून छोट्या गाडीने वर जाणे अधिक शहाणपणाचे. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा लोहमार्ग २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुले तर या प्रवासावर बेहद्द खूश होतात. मात्र एका बाजूलाच पाच तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे वर मुक्काम आलाच. तेवढा वेळ शेगडी, कपडे, कॅमेरा, कागदपत्रे असा सारा संसार पायथ्याशी एकटा राहणार!

इथे चोरीच्या अलार्मचा प्रश्न येतो. मोटारीला बसवतात तोच अलार्म इथेही चालेल, असे अनेकांना वाटते. पण मोटारीत कुणी झोपत नाही, स्वयंपाक करत नाही. शिवाय चोराला बहुधा एवढी मोठी गाडी पळवायची नसते. त्याचा डोळा खिडकीतून हाती लागणाऱ्या वस्तूंवर असतो. तेव्हा पुढच्या दोन दारांबरोबरच राहण्याच्या भागाचे दार, प्रत्येक सरकती खिडकी, छताची झडप आणि बाहेरून उघडणारे सामानाचे कप्पे यांनाही छोटे चुंबकी स्विच हवेत. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि भोंगा वाजतो. यंत्रणा साधीच, पण भरवशाची.

धक्का ओळखणारा सेन्सर मात्र या भागात जपूनच वापरावा. जवळून आगगाडी जाते, लष्कराचे अवजड ट्रक धावतात आणि या पट्ट्यातली माकडे तर गाडीचे छप्पर म्हणजे आपले अंगणच समजतात! सेन्सर फार नाजूक ठेवला तर रात्रीतून चार वेळा बोंब होते आणि पाचव्या वेळी रखवालदार कूस बदलून झोपतो. हॉर्नची सवय झालेल्या आपल्या देशात नुसत्या आवाजाने कुणी धावून येत नाही. आतली हालचाल टिपणारा इन्फ्रारेड डोळा अधिक बरा. तो शरीराची हलती उष्णता ओळखतो आणि खिडकीच्या काचेपलीकडचा माणूस त्याला दिसत नाही. तो खिडकीकडे किंवा शेगडीकडे तोंड करून लावू नये. मधल्या वाटेवर आडवी नजर राहील अशा कोपऱ्यात लावावा. तापलेला पडदा वाऱ्याने हलला तरी तो फसू शकतो.

अलार्मला दोन पद्धती असणे मात्र अत्यावश्यक. सगळे बाहेर गेले की पूर्ण पहारा. रात्री सगळे आत झोपले की फक्त दारे-खिडक्यांचा. नाहीतर आजोबा पाणी प्यायला उठले की सारा तळ जागा होतो.

वीज कुठून घ्यायची, हेही वायरमनशी आधीच बोलून घ्यावे. घरातला फ्रिज आणि पंखे ज्या बॅटरीवर चालतात, ती दोन दिवसांत उतरू शकते. म्हणून अलार्म इंजिनाच्या बॅटरीवर ठेवावा, वायरीत बॅटरीजवळच फ्यूज घालावा आणि भोंग्याला स्वतःची छोटी बॅटरी असावी, म्हणजे वायर कापली तरी तो वाजेल. वीस मिलिअँपिअरवर जागा राहणारा अलार्म दिवसाला जेमतेम अर्धा अँपिअर-तास वीज खातो. तेवढ्याने चांगली बॅटरी उतरत नाही. भोंगा अर्ध्या मिनिटाने आपोआप थांबेल असे पाहावे.

आता गाडी उभी कुठे करायची? छावणीच्या हद्दीत किंवा तिच्या भिंतीलगत मुळीच नको. लष्करी भागात बेवारस वाटणारे वाहन म्हणजे संशय, त्यात ते किंचाळू लागले तर पाहायलाच नको. तिथे छायाचित्रेही काढू नयेत. त्यापेक्षा पंचकुला किंवा पिंजोरच्या एखाद्या निवासस्थानाच्या आवारात, आधी परवानगी घेऊन, पैसे देऊन गाडी ठेवावी. हरियाणा पर्यटनाच्या विश्रामस्थळांना पक्ष्यांची नावे देण्याची प्रथा आहे. पिंजोरच्या बागेतले 'बजरीगर' त्यांपैकीच. निघण्यापूर्वी रखवालदाराला भोंगा एकदा वाजवून दाखवावा, आवाज ओळखीचा करून द्यावा आणि आपला फोन क्रमांक लिहून द्यावा. किल्ली मात्र देऊ नये.

परतल्यावर सतराव्या शतकातील पिंजोरची मोगल बाग जरूर पाहावी. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने ती घडवली. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे तिचे पाणी प्रवासाचा शीण घालवते.

कसे जाल : दिल्लीहून कालका शताब्दीने चंडीगड किंवा थेट कालका. रस्त्याने जिरकपूर-परवाणू महामार्ग. त्यावर चंडीमंदिरलाच टोलनाका आहे. चैत्र आणि आश्विनातील नवरात्रांत पंचकुल्याच्या मनसादेवीला मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत मोठ्या गाडीला जागा मिळणे कठीण, तेव्हा तारखा पाहूनच निघावे.