माती कुठं टाकू?

मशीन शेतात उतरलं की ऑपरेटरचा पहिला प्रश्न ठरलेला. "काका, माती कुठं टाकू?" शेतकरीही ठरलेलं उत्तर देतो, "टाक ना तिकडं कुठंतरी." माझी नोकरी मृदसंधारणाची, आणि तिची बरीच वर्षं मेळघाटातल्या धारणी तालुक्यात गेली. त्या 'तिकडं कुठंतरी'ची किंमत लोकांनी नंतर कशी मोजली हे मी पाहिलं आहे. एकदा मीही मोजली, ते पुढे सांगतो.

मातीकामाचा खर्च खोदण्यात होतो असं सगळ्यांना वाटतं. खरा खर्च नेण्यात होतो. आमच्या अंदाजपत्रकात दोन शब्द हमखास असत, लीड आणि लिफ्ट. खोदल्या जागेपासून टाकायच्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे लीड. माती किती उंच चढवायची ते लिफ्ट. मूळ दरात साधारण ५० मीटर लीड आणि दीड मीटर लिफ्ट धरलेली असते, त्यापुढे दर चढत जातो. कागदावर हे कोरडं दिसतं, म्हणून एक हिशेब करून दाखवतो.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हे माप गावोगाव पाठ झालं. बाजूंना एकास एक उतार दिला की त्या तळ्यातून २,१९६ घनमीटर माती निघते. ब्रासमध्ये सांगायचं तर सुमारे ७७६ ब्रास. घनमीटरला १,६०० किलो धरले तरी वजन साडेतीन हजार टन. घमेल्यात २२ किलो माती मावते असं समजा, म्हणजे झाली एक लाख साठ हजार घमेली. आता ढीग ठरल्या जागेपेक्षा फक्त दहा मीटर लांब टाकला, तर प्रत्येक घमेल्यामागे जाऊन-येऊन वीस मीटर वाढले. एकूण वाढलेली पायपीट ३,२०० किलोमीटर! डोक्यावर घमेलं घेणाऱ्या बाईला हा गुणाकार शिकवावा लागत नाही, तो तिच्या मानेला कळतो.

म्हणून खोदण्याआधी माती जाणार कुठे ते ठरवायचं. चुन्याची फक्की मारायची, खुंट्या ठोकायच्या, आणि मग मशीन बोलवायचं. शेतात नीट फिरलं तर खड्डा हवा असलेल्या जागेच्या जवळच भराव हवा असलेली जागा सापडते. कुठे बांध खचलेला असतो, कुठे गोठ्यापुढे पाणी साचतं, कुठे बैलगाडीची वाट खोल गेलेली असते. धूळघाटाजवळ अकोला-खंडवा मीटरगेजचा तो प्रसिद्ध वळसा ज्यांनी पाहिला असेल, जिथे रूळ वळून स्वतःलाच ओलांडायचा, त्यांनी तिथले भरावही आठवावेत. डोंगरात एका जागी कापलेलं पुढच्या जागी भरायचं, हा रेल्वेच्या आणि रस्त्याच्या कामाचा जुना हिशेब. दोन एकराच्या तुकड्यालाही तोच लागू पडतो.

आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. माती जमिनीतून निघाली की फुगते. आपल्याकडची माती मोकळी झाली की सव्वापट तरी होते. वरच्या तळ्याचे ७७६ ब्रास ट्रॉलीत भरताना ९७०च्या घरात जातात. ट्रॉलीवाल्याशी बोलताना खड्ड्याचं माप सांगायचं की ट्रॉलीतलं, हे आधी ठरलं नाही तर शेवटच्या दिवशी भांडण ठरलेलं. उलट भरावात तीच माती पावसाळ्यात दबते. बांध हवा त्या उंचीपेक्षा थोडा चढताच ठेवावा, आणि वीतभर जाडीचे थर देत, पाणी मारत, धुमसत न्यावा. एकदम ओतलेला बांध दिसतो भक्कम, पण पहिल्याच मोठ्या पावसात मधून बसतो.

आता दिवसांबद्दल. मातीकाम मे महिन्यात करायचं हा रिवाज पडला आहे, कारण तेव्हा शेत रिकामं असतं. पण मे महिन्यातली वऱ्हाडची काळी माती म्हणजे दगड. टिकास मारलं की ढेकूळ उडतं आणि सब्बल हातात झणझणते. पावसाळ्यात तीच माती फावड्याला अशी चिकटते की दर खेपेला पायानं सोडवावी लागते. या दोहोंच्या मधला काळ म्हणजे वाफसा. पेरणीचा वाफसा सगळ्यांना कळतो, खोदण्याचा वाफसा कुणी बघत नाही. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, जमीन आत अजून ओलसर असते आणि वरून सुकलेली असते. त्या पंधरा-वीस दिवसांत हातानं किंवा बैलानं केलेलं काम उन्हाळ्यात दुप्पट वेळ खातं. मेळघाटात मात्र उन्हाळ्यातल्या कामाच्या रिवाजाला आणखी एक कारण आहे. दिवाळी झाली की कोरकू कुटुंबं कामासाठी खाली मैदानात उतरतात, ती होळीला परततात. मग दिवाळीनंतर कामाला हात कुठले? आमच्या कामाचं वेळापत्रक खरं म्हणजे होळीनंच ठरायचं.

माझी चूक सांगतो म्हणालो होतो. माझं शेत अकोटच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे मी तळं घेतलं. साहेब मीच, सल्ला देणारा मीच, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. ऑपरेटरनं विचारलं, "काका, थे वरची माती येगळी ठेवू का?" मी म्हणालो, "कायले? सगळी एकाच बाजूनं पसरव." वरची फूटभर काळी माती खाली गाडली गेली आणि तळातला पांढुरका मुरूम अर्ध्या एकरावर वर आला. तीन हंगाम त्या पट्ट्यात तुरीनं गुडघा ओलांडला नाही. त्या पोरानं पुढच्या वर्षी येऊन बघितलं आणि म्हणाला, "म्या इचारलं होतं ना काका." मी त्याला चहा पाजला. त्यापलीकडे काय करणार?

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, वरची माती आधी काढून बाजूला रचा, मग खालचं काय ते. सपाटीकरणातही हेच. मेळघाटात तर उतारावरच्या शेतात काळा थर मुळातच पातळ, खाली लगेच मुरूम. तिथे सपाटीकरणाच्या हौसेनं मशीन फिरवणं म्हणजे दुधावरची साय काढून फेकणं. त्यापेक्षा दोन पावलं मागे या. पाण्याची नळी किंवा बांबूची ए-फ्रेम घेऊन समतल रेषा काढा आणि तिच्यावर चर खोदा. चराची माती खालच्या अंगाला टाकली की तिथेच बांध. लीड एका हाताचं, लिफ्ट एका वितीची. इतकी स्वस्त मातीची वाहतूक दुसरी नाही.

मशीनबद्दल लोक फार विचारतात. जेसीबी घ्यावं की पोकलेन? काम एका दिवसाचं असेल, जागा अरुंद असेल, तर जेसीबी. खोल तळं असेल, ट्रॉल्या भरायच्या असतील, तर पोकलेन महाग दिसलं तरी ताशी काम जास्त देतं. पण त्याहून महत्त्वाची ट्रॉल्यांची संख्या. एक ट्रॉली भरायला ६ मिनिटं लागतात आणि जाऊन, ओतून, परत यायला १२, तर फेरी १८ मिनिटांची. १८ला ६नं भागा, तीन ट्रॉल्या लागतात. दोनच लावल्या तर मशीन तिसरा हिस्सा वेळ नुसतं घुरघुरतं आणि मीटर चालू राहतं. चार लावल्या तर एक ड्रायव्हर कायम निंबाखाली बसलेला दिसेल. बांधावर बसून घड्याळ लावून दोन फेऱ्या मोजल्या तर हे कळतं. आणि ट्रॉलीचा रस्ता आधी करा, तोही भरून जाताना उताराचा. चढावर भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर डिझेल कसं पितो ते त्याच्या धुरावरूनच समजतं.

धारणीत मात्र मशीन घाट चढून आणावं लागे, त्यामुळे पुष्कळ काम हातानंच झालं. रोजगार हमीच्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक खांब न खोदता ठेवत, मोजणाऱ्याला खोली कळावी म्हणून. कधीकधी तो खांब वरून थोडा वाढवलेलाही असे. मी नवा होतो तेव्हा फसलो, नंतर वरचं गवत खरं की लावलेलं ते बघायला शिकलो. त्याआधीच्या पिढीत हे काम माती वडारांचं. बेलदारांची गाढवं तर मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहेत. गोण्या रिकाम्या झाल्या की माणसाविना परत येणारी. रिकाम्या फेरीचा ड्रायव्हर वाचवणारी ती वाहतूक पुन्हा कुणाला जमली नाही. जवळच्या जवळ, ३०-४० मीटरपर्यंत माती सरकवायला बैलांची केणी अजूनही ट्रॅक्टरला लाजवेल. पण आता जोडी कोणाकडे आहे?

सगळ्यात मोठा मजूर मात्र फुकट मिळतो. पाऊस. मेळघाटात तो भरपूर पडतो आणि सिपना, गडगा, तापीच्या वाटेनं माती घेऊन पळतो. नाल्यात अनघड दगडांचे छोटे बांध वरून खाली एकापाठोपाठ घातले, की तो दरवर्षी माती आणून देतो, ती उचलायला घमेलं लागत नाही. पाच-सात पावसाळे धीर हवा, एवढंच.

तळ्यातला गाळही असाच आयता. २०१७च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेनंतर तो नेण्याची चढाओढ लागली, पण हिशेब कोणी केला नाही. एक एकरावर एक इंच थर द्यायचा म्हटलं तरी सुमारे ३६ ब्रास लागतात. तळ्यापासून शेत पाच किलोमीटरवर असेल तर गाळ फुकट, पण डिझेल नाही. त्या बाबतीत शेजारच्या जिल्ह्याचा 'बुलढाणा पॅटर्न' मला फार आवडला. महामार्गाच्या भरावाला माती हवीच होती. ती तळी आणि नाले खोल करून घेतली. रस्त्याला माती मिळाली, गावाला पाणी. ढीग कुठेच पडला नाही.

शेताबाहेर मुरूम न्यायचा असेल तर आधी तहसीलात विचारावं, आणि वनजमिनीकडे तर फावडं वळवूही नये.

माझ्या अकोटच्या तळ्याकाठी मात्र पसरवून उरलेल्या मातीचा ढीग अजून आहे. मुरमाचा, पुरुषभर उंच. तो हलवायचा खर्च मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा कागद घडी करून ठेवला. त्यावर कुणी न लावता सीताफळं उगवली आहेत. शेजाऱ्याच्या शेळ्या रोज चढतात, आणि दर दिवाळीला सीताफळांची एक पाटी घरी येते.