लाईट आल्यावर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अण्णा जाधववाडीच्या मोंढ्यात हमाली करतात. पोरगा बी. ए. करतो एवढे त्यांना ठाऊक आहे. पण संध्याकाळी सायकल काढून पदमपुऱ्यात एका काकांकडे काय करायला जातो, हे मला त्यांना अजून नीट सांगता आलेले नाही.

काका हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा हौशी रेडिओवाले आपली यंत्रे घेऊन निरोप पोचवायला तिकडे धावले होते. ही हकीकत काकांकडून ऐकली आणि मी त्यांना चिकटलोच. मला परवाना नाही, म्हणून माइकला हात लावायचा नाही. धूळ पुसणे, सोल्डरिंग करणे, बटणे लावणे एवढेच माझे काम.

त्यांचा ट्रान्समीटर जुना, व्हॉल्व्हचा. त्यात ८६६ए जातीचे दोन रेक्टिफायर व्हॉल्व्ह, आत पाऱ्याची वाफ. चालू असले की निळा उजेड पडतो, बघत राहावेसे वाटते. नियम एकच : आधी फिलामेंटचे बटण लावायचे, निदान अर्धा मिनिट तापू द्यायचे, मग हाय टेन्शनचे. फिलामेंट थंड असताना दाब आला तर आतल्या आत ठिणगी पडून व्हॉल्व्ह मरतो.

मागच्या श्रावणात लाईट गेली. मी दुसरे बटण खाली केले नाही. अर्ध्या तासाने लाईट आली, निळा लखलखाट झाला आणि फ्यूजसकट एक व्हॉल्व्ह गेला. असे व्हॉल्व्ह आता नवे मिळत नाहीत. काका काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते! आठ दिवस मी त्या गल्लीत फिरकलो नाही.

नवव्या दिवशी गेलो तो वहीत आकृती काढूनच. ५५५ आय.सी., १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ५६० किलोओहमचा रेझिस्टर. दोन्हींच्या गुणाकाराला १.१ ने गुणले की ६१.६ सेकंद. तेवढा वेळ झाल्यावर रिले ओढला जाईल आणि तेव्हाच हाय टेन्शनच्या ट्रान्सफॉर्मरला लाईट मिळेल. मग बटण कुणी चालू विसरले तरी हरकत नाही. (आमच्या वर्गातल्या मित्रांना यातले काही सांगितले की ते मला ‘वायरमन’ म्हणतात.)

काकांनी वही पाहिली आणि सामान काढून दिले. जोडणी झाली, रिले मिनिटाने वाजला. मी खूष. काकांनी मेन स्विच पटकन बंद करून पुन्हा लावला. रिले चार-पाच सेकंदांतच वाजला. कंडेन्सर रिकामा व्हायला वेळच मिळाला नव्हता! आपल्याकडे लाईट अशीच डोळा मिचकावून जाते-येते, हे माझ्या गणितात नव्हते. रेझिस्टरवर एक डायोड टाकला. लाईट गेली की कंडेन्सर त्यातून लगेच रिकामा होतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

जुन्या बाजारातून काकांनी एक वापरलेला व्हॉल्व्ह मिळवला होता. तो बसवला. परवा रात्री खरोखरच लाईट गेली. आम्ही अंधारात बसून राहिलो. आली तेव्हा दोन्ही बटणे वरच होती, मुद्दाम. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होतो. साठ. बासष्ट. पासष्ट. माझ्या तोंडाला कोरड पडली. बहात्तराव्या सेकंदाला ‘टक्’ झाले आणि हळूहळू निळा उजेड पसरला.

कंडेन्सर जुन्या रेडिओतला काढलेला, गळका निघाला असणार. उद्या नवा टाकतो म्हणालो.

“असू दे,” काका म्हणाले आणि त्यांनी हेडफोन कानाला लावला.