चाकांची हजेरी

मंडळी, आज जरा वेगळाच विषय. छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईनं मोटारीच्या चाकातल्या सेन्सरवर लिहावं, म्हणजे तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. सध्या धाकट्याकडे मिशिगनला आहे, आणि इथं आल्यापासून मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते ह्या सेन्सरनंच.

ह्यांच्या जुन्या गाडीत, काट्यांच्या शेजारी, एक पिवळा दिवा आहे. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. व्याकरण शिकवलेल्या माणसाला उद्गारचिन्ह दिसलं की ते कशासाठी, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. नात गाडी चालवत होती. सतरा वर्षांची आहे, नवा परवाना. ती म्हणाली, "आजी, तो असाच असतो."

असाच असतो! दिवा दहा महिने लागलेला होता. पोर गाडी शिकली तीच तो दिवा बघत. तिच्या लेखी ते उद्गारचिन्ह म्हणजे गाडीच्या नक्षीचाच भाग.

संध्याकाळी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "अगं आई, टायरमध्ये हवा आहे. मी मोजतो अधूनमधून. फक्त सेन्सर मेलाय." त्याचं खरंच होतं. हवा कमी झाली तर दिवा सरळ लागतो. पण गाडी सुरू केल्यावर मिनिटभर उघडझाप करून मग लागून राहिला, तर समजायचं की हवा सांगणारी यंत्रणाच आजारी आहे. म्हणजे निरोप्याच पडलाय. पण मला काळजी वाटली ती वेगळीच. उद्या दुसरं एखादं चाक खरोखर बसायला लागलं, तरी दिवा पिवळाच दिसणार ना? आणि पोर म्हणणार, असाच असतो.

हा दिवा आला कसा, तेही सांगते. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले पुष्कळसे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांना होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून यायचा, गाडी उलटायची. अडीचशेहून जास्त माणसं गेली. कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. टायरमध्ये हवा किती ठेवायला सांगितली होती, हाही वादाचा मुद्दा होता. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून इथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा पाव हिस्सा हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. आता आपल्याकडच्याही अनेक नव्या गाड्यांत ती असते.

आमचे हे लुना काढायच्या आधी अंगठ्यानं टायर दाबून बघायचे. ट्रकचे क्लीनर टॉमीनं टायर ठोकतात आणि आवाजावरून ओळखतात. मी इथं गाडीचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला, तर दगड. शिवाय हे टायर हवा नीट असली तरी खाली थोडे फुगलेलेच दिसतात. अंगठ्याची विद्या इथं संपली.

तर सेन्सर. चाकात हवा भरायची नळी असते ना, तिच्याच आतल्या टोकाला तो बसवलेला असतो, टायरच्या पोटात. दोन बोटांत मावेल एवढा. त्यात छोटी बॅटरी असते, पण ती अशी गच्च बंद केलेली की बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षं चालते, मग अख्खा सेन्सर टाकायचा. (रेडिओचे सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरणाऱ्या पिढीला हे पटायला जड जातं. असो.) गाडी उभी असली की तो झोपतो, चाक फिरायला लागलं की साधारण मिनिटाला एकदा हवेचा दाब आणि स्वतःचा क्रमांक वायरीशिवाय कळवतो. क्रमांक महत्त्वाचा, कारण शेजारून जाणाऱ्या गाडीचे सेन्सरही बोलत असतात. गाडी फक्त आपल्या चार क्रमांकांचं ऐकते.

एका गॅरेजनं चार सेन्सरांचा असा काही भाव सांगितला की सूनबाईंनी फोनच ठेवला. मग मुलानं हातात धरायचं यंत्र आणि चार कोरे सेन्सर मागवले. कोरे म्हणजे खरंच कोरे. नाव नाही, क्रमांक नाही.

त्याचा पहिला बेत नक्कल करायचा होता. यंत्र चाकाच्या नळीजवळ धरायचं, ते आतल्या सेन्सरला हाक मारून जागं करतं, तो आपला क्रमांक सांगतो. तोच नव्या सेन्सरला दिला की गाडीला बदल कळतही नाही. तीन चाकांनी क्रमांक सांगितले. मागच्या डाव्या चाकापाशी मुलगा तीनदा यंत्र धरून बसला. उत्तर नाही. मेलेला सेन्सर आपला क्रमांक कसा सांगणार?

मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवली. सातवीत शाळा सोडली, लग्न झालं. हजेरीपटावर तिचं नाव वर्षअखेरपर्यंत होतं. मी रोज नाव घ्यायची आणि वर्ग गप्प बसायचा. महिन्याभरानं मुलांना त्या गप्प बसण्याचीही सवय झाली.

मग चौघांनाही नवे क्रमांक द्यायचे ठरलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कारखाना. यंत्रात गाडीचं नाव आणि साल निवडायचं, एक सेन्सर जवळ धरायचा, आणि बाकीचे तीन लांब ठेवायचे, नाहीतर भलताच हाकेला ओ देतो. ते तीन माझ्याकडे, खोलीबाहेर! प्रत्येकाला आठ जागांचा क्रमांक मिळाला, त्यात आकडे आणि एफपर्यंतची इंग्रजी अक्षरं. नातीनं हिशेब केला, असे चारशे कोटींहून जास्त क्रमांक होतात. दुकानातून टायर उघडून ते बसवून आणले.

आता गाडीला ओळख करून द्यायची. त्यांच्या गाडीची पद्धत अशी, की तिला शिकायच्या तयारीत आणलं की हॉर्न दोनदा वाजतो. मग यंत्र घेऊन ठरलेल्या क्रमानं फिरायचं. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. सेन्सर बोलला की गाडी एकदा हॉर्न देते. सगळं पाच मिनिटांत उरकायचं. मुलगा म्हणाला, "हे हिलाच करू दे." नात यंत्र घेऊन वाकली. पीं. दुसरं चाक, पीं. तिसरं, पीं. समोरचे शेजारी दारात आले. मागच्या डाव्या चाकाशी ती जरा जास्तच वेळ बसली, आणि माझ्या तोंडून शाळेतल्या सवयीनं निघालं, "हजर म्हण की!" पीं. मग शेवटचे दोन पीं, हजेरी संपल्याचे. थोडं अंतर चालवल्यावर दिवा विझला.

नोव्हेंबरात थंडी एकदम उतरली. तापमान दहा अंश फॅरनहाइटनं घसरलं की टायरमधला दाब साधारण एक पौंडानं उतरतो, हे मला आता तोंडपाठ आहे. परवा सकाळी सातला नात बाहेर गेली आणि दोन मिनिटांत परत आली. "बाबा, दिवा लागलाय."

मुलगा झोपेच्या कपड्यांवरच जाकीट चढवून बाहेर गेला. पस्तीस पौंड हवी होती. तीन चाकांत एकोणतीस-तीस होती, चौथ्यात चोवीस. त्यानं पंप लावला, नातीनं मापक धरलं. ती दहा मिनिटं उशिरा शाळेत पोचली.